समासातला लाल शेरा

कालव्याचा बांध फुटला तेव्हा सकाळचे पावणेअकरा वाजले होते आणि आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. अक्का दारातल्या कट्ट्यावर बसून एका दातांच्या डॉक्टरची खुर्ची विणत होती. शेजारी बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत घातल्या होत्या. आधी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला. मग कोपऱ्यावरची इस्त्रीवाली "वर चढा, वर चढा" म्हणत धावत आली, आणि तिच्या मागोमाग पाणी आलं. मातकट, रेटा असलेलं, कुणाची तरी हातगाडी आडवी करून पुढे ढकलत आणणारं.

अक्कानं हाताला लागलं ते उचललं आणि समोरच्या इमारतीचा जिना गाठला. हाताला लागली होती ती खुर्ची. गच्चीवर पोचून दम खाल्ल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण परक्याची खुर्ची वाचवली आणि खाटेखालची पत्र्याची पेटी तिथंच राहिली. त्या पेटीत ओळखपत्र होतं, पेन्शनचं पुस्तक होतं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, खोलीची भाडेपावती, लग्नातला एकुलता एक फोटो. सरकारनं आजवर तिच्याविषयी जे जे लिहून दिलं होतं ते सगळं एका पेटीत, आणि पेटी पाण्यात.

"बरं, ती खुर्ची बसण्याजोगी तरी असावी," असं ती नंतर सगळ्यांना सांगायची. "बैठक अर्धीच विणलेली. चार तास खुर्ची शेजारी असून मी उभी."

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. खोलीत गुडघाभर चिखल होता. लेकीनं, जावयानं आणि तिनं मिळून तो टोपल्यांनी उपसला. खाट सापडली, शिवणाची कात्री सापडली, दोन पातेली सापडली, कुणा दुसऱ्याचं सायकलचं चाकही सापडलं. पेटी मात्र सापडली नाही. मागची भिंत खालून फुटली होती, पेटी तिथून गेली असणार. अक्का पुढे दोन दिवस नाल्याच्या काठाकाठानं काठीनं चिखल ढवळत फिरली. शेवटी लेकीनं तिला दंडाला धरून आपल्या घरी नेलं.

लेक एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती आणि जावई गॅरेजमध्ये. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. अक्काचं तिथं कुणाला ओझं नव्हतं, तिला स्वतःलाच ते वाटत होतं. रिकामी बसायची सवय नव्हती. पहिल्या आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल नव्यानं विणलं, मग जावयाच्या आईच्या आरामखुर्चीची पाठ उसवून पुन्हा विणली, मग पडद्याची दोरी सोडून पुन्हा वळली.

"आई, जरा बूड टेक गं एका जागी," लेक म्हणाली.

"टेकते की. तुझ्या घरात टेकायला एकही खुर्ची न विणलेली राहिली नाही, म्हणून उठते."

पेन्शन पाच तारखेला मिळायची. पाच तारीख येऊन गेली. पोस्टातला कारकून तिला वीस वर्षं ओळखत होता, तिच्या नवऱ्यानं त्या पोस्टातल्या सगळ्या खुर्च्या विणल्या होत्या. तो म्हणाला, "अक्का, मी तुम्हाला ओळखतो हो. पण मी ओळखून भागत नाही. कार्ड दाखवा, मग बाकीचं." तिथून ती शाळेत उघडलेल्या मदत केंद्रावर गेली. वर्गातली बाकं एकावर एक रचून ठेवली होती आणि फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, कुठल्या टेबलावर काय मिळेल. पहिलं टेबल, घराचं नुकसान. दुसरं, वस्तूंचं नुकसान. तिसरं, हरवलेली कागदपत्रं. तिसऱ्या टेबलाची रांग दारातून बाहेर, व्हरांड्यातून नळापर्यंत.

तिसऱ्या टेबलावर एक चष्मेवाली मुलगी ठसे घ्यायच्या यंत्रासमोर बसली होती. तिनं अक्काचा उजवा अंगठा काचेवर ठेवून घेतला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. मग डावा अंगठा. लाल. मुलीनं ओल्या फडक्यानं बोटं पुसली, मलम चोळलं, पुन्हा ठेवायला लावली. एकेक करून दहाही बोटं झाली.

"काम काय करता तुम्ही?"

"वेताच्या खुर्च्या विणते. चाळीस वर्षं झाली."

मुलीनं अक्काचा हात उलटा करून पाहिला. बोटांची टोकं भांड्याच्या बुडासारखी गुळगुळीत आणि टणक झाली होती. "बारा वर्षांपूर्वी उमटले होते तुमचे ठसे," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "आता काहीच उरलं नाहीये. ठसे जुळत नसतील तर जन्मनोंदीचा उतारा आणि दोन साक्षीदार लागतात. उतारा आणा, मी लगेच नवीन कार्डाचा अर्ज घेते. तुमचा पुढचा नंबर लावून ठेवते, रांगेत उभं राहू नका."

मुलगी भली होती. तिनं जन्मनोंदीच्या कार्यालयाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला.

ते कार्यालय जुन्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं, त्यामुळे पाण्यापासून वाचलं होतं. खाली तळमजल्यावर संगणकाची खिडकी होती आणि तिथं पेठेतली माणसं गर्दी करून होती. अक्काचा जन्म शहराबाहेरच्या एका जुन्या वस्तीतला असल्यानं खिडकीवरच्या बाईनं तिला वर पाठवलं. वरच्या लांबट खोलीत लोखंडी मांडण्या होत्या आणि मांडण्यांवर कापडात बांधलेल्या नोंदवह्या. त्यांची राखण एक गृहस्थ करत होते, निवृत्तीला टेकलेले, गळ्यात दोरीनं भिंग अडकवलेले. सगळे त्यांना दप्तरवाले म्हणत.

अक्कानं आपलं नाव, आईबापांचं नाव, वस्ती आणि जन्मतारीख सांगितली. दप्तरवाल्यांनी शिडी लावली, एक वही काढली, फडक्यानं झाडली आणि टेबलावर उघडली. बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"सापडलं," ते म्हणाले. मग भिंग लावलं. मग अक्काकडे पाहिलं, आणि पुन्हा वहीकडे.

"काय झालं?"

त्यांनी वही तिच्याकडे वळवली. ओळीत सगळं होतं. बापाचं नाव, आईचं नाव, मुलगी, नाव, तारीख. आणि डाव्या समासात लाल शाईनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मयत", आणि त्यापुढे एक तारीख, जन्मानंतर दोन वर्षांनी आणि काही दिवसांनी.

अक्का हसली. "म्हणजे मी गेले?"

दप्तरवाले हसले नाहीत. "बाई, तुमच्या आईवडिलांना दुसरी मुलगी होती का?"

"नाही. मी एकुलती."

"मोठी, धाकटी, कोणी नाही?"

"कोणी नाही म्हटलं ना."

हे म्हणताना तिला एक आठवलं. वडील तिला कधी नावानं हाक मारत नसत. ते "धाकले" म्हणत. धाकले, पाणी आण. धाकले, दार लाव. एकुलत्या एका पोरीला धाकली का म्हणायचं, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता. लहानपणापासून कानावर असलेल्या हाकेचा अर्थ कोण विचारत बसतं?

दप्तरवाल्यांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"हे बघा," ते आवाज उतरवून म्हणाले. "मी उतारा दिला तर समासातला शेरा मला उतरवून द्यावाच लागेल. पण या वह्या आता संगणकात गेल्यात. ज्यांनी उतरवून घेतल्या त्यांनी ओळी घेतल्या, समास घेतले नाहीत. खाली खिडकीवर वहीचा क्रमांक सांगितलात तर पाच मिनिटांत उतारा मिळेल. त्यात हा शेरा नसेल. मी तुम्हाला तसं करा म्हणत नाही. काय आहे ते सांगितलं."

त्यांनी एका कपट्यावर क्रमांक लिहून तो टेबलाच्या कडेला ठेवला आणि वही बांधायला घेतली. अक्कानं कपटा उचलला.

त्या पिढीतलं आता एकच माणूस उरलं होतं, वडिलांची धाकटी बहीण. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि दोन तासांच्या अंतरावर नातवाकडे, घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीत राहत होती. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेली. वाटेत तिनं हातातल्या पिशवीचा बंद इतका पिळला की तो तुटलाच.

आत्या खिडकीशी खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. डोळ्यांना कमी दिसायचं, पण खडा बोटाला बरोबर लागायचा. पाण्याची हकीगत झाली, कोणाचं काय गेलं ते झालं, नातसुनेनं चहा आणून दिला. चहा निवेपर्यंत अक्काला धीर धरवला नाही.

"आत्या, माझ्या आधी कोणी होतं का?"

आत्याचा हात ताटात थांबला. "कोणी सांगितलं?"

"सरकारनं."

आत्यानं ताट बाजूला सारलं. मग जणू कालच थांबलेली गोष्ट पुढे चालू केली.

"मोठी होती. तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गोरी, डोक्यावर हे एवढं जावळ. दोन वर्षांची झाली आणि घशाला झालं. तेव्हा घटसर्प म्हणायचे. तीन दिवसांत आटोपलं."

"आणि मी?"

"तू पुढच्या वर्षी झालीस. दादा तेव्हा रस्त्याच्या कामावर होता, वहिनी आणि मी त्याच्याबरोबर. तंबूत झालीस तू. तिथं कोण नोंद करतंय? चार महिने तुला नावसुद्धा नव्हतं. मग वहिनीनं एके दिवशी मोठीच्याच नावानं तुला हाक मारली. मी तिथंच होते. मी म्हटलं, वहिनी, असं नको करू. ती म्हणाली, माझी पोर परत आलीय. तिच्या तोंडाकडे बघून पुढे बोलवेना."

"आणि बाबा?"

"दादाला ते नाव उच्चारवत नसे. म्हणून तो धाकले म्हणायचा."

खाली दुकानात कुणीतरी एका घड्याळाचा गजर वाजवून पाहत होतं. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"मग शाळेत घालायची वेळ आली," आत्या म्हणाली. "मास्तर म्हणाले, जन्माचा कागद आणा. घरात कागद होता तो मोठीचा. नाव तेच, आईबाप तेच. दादानं तो नेऊन दिला. तू सहा वर्षांची, कागदावर नऊची. मास्तर म्हणाले, पोर खुरटी आहे, दूध द्या."

अक्काला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आपलं कुठलं काय होतंय हे तिला कळेना. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"मला सांगितलं का नाही कधी?"

"वहिनी असेपर्यंत त्या घरात हा विषय निघत नसे. मग ती गेली. मग दादा गेला. तोवर तू पन्नाशीची झालीस. पन्नाशीच्या बाईला काय सांगायचं, की तू ती नाहीस?"

परतीच्या बसमध्ये अक्का सबंध वेळ दांडा धरून उभी राहिली. निम्मी बस रिकामी होती. कंडक्टरनं दोनदा बसायला सांगितलं, मग नाद सोडला.

घरी तिनं सगळं सांगितलं तेव्हा लेकीनं कपाळाला हात लावला आणि जावयानं विचारलं, "म्हणजे तुम्ही तीन वर्षांनी लहान? लोक केस काळे करून थकतात आणि तुमचं बसल्या जागी झालं." मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "थांबा. पेन्शन पासष्टला सुरू होते. तुम्ही आत्ता खऱ्या त्रेसष्टच्या."

"तेच," अक्का म्हणाली. "वर्षभराच्या वर मी ती तिच्या वयावर घेतेय."

"माहीत नव्हतं ना तुम्हाला. माहीत नसताना केलं त्याला काय गुन्हा म्हणतात का? आई, ऐका माझं. तो कपटा घ्या, खाली खिडकीवर जा, स्वच्छ उतारा घ्या. दोन साक्षीदार मी देतो. आठ दिवसांत कार्ड, पुढच्या महिन्यात पेन्शन, घराचं नुकसान, सगळं मार्गी लागेल. त्या दप्तरवाल्यानं उगाच नाही सांगितलं."

लेक म्हणाली, "आणि उद्या कोणी वही उघडली तर?"

"साठ वर्षांत कोणी उघडली नाही."

"काल उघडली की."

दोघांचं असं जुंपलेलं असताना अक्का व्हरांड्यात जाऊन जावयाच्या कामाचे कपडे घासायला बसली. ते सकाळीच धुतलेले होते.

पुढचे तीन दिवस ती नुसती हिंडली. सकाळी चहा घेऊन निघायची, गल्लीत जाऊन आपल्या खोलीचं कुलूप बघायची, मग बाजार, मग पूल, मग पुन्हा गल्ली. इस्त्रीवाली आपली भिजलेली मेजं उन्हात वाळवत होती. तिनं हाक मारली, "अक्का, कार्डाचं झालं का?" अक्का म्हणाली, "होतंय." माणसं तिला ज्या नावानं ओळखत होती ते नाव कागदावर लिहिलेलं पाहिलं की तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी अंगातला सदरा घालून आयुष्यभर फिरलो आणि तो आपल्या मापाचाच आहे असं समजत राहिलो. रागही यायचा. आईचा यायचा, मग आईचा आला म्हणून स्वतःचा यायचा. दोन वर्षांची पोर गमावलेल्या बाईवर राग धरायचा तरी कसा?

चौथ्या दिवशी ती जुन्या कचेरीत गेली आणि खालच्या खिडकीच्या रांगेत उभी राहिली. कपटा पुढे केला. खिडकीवरच्या बाईनं आकडे टाकले, छपाईयंत्र खरखरलं, शिक्का पडला. पाच मिनिटंही लागली नाहीत. अक्का भिंतीकडे सरकली आणि कागद वाचू लागली. नाव. आई. बाप. जन्म. खाली गोल जांभळा शिक्का. समास कोराकरकरीत.

दारात ऊन होतं. मदत केंद्र तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर. चष्मेवाल्या मुलीनं नंबर लावून ठेवला होता. अक्का दारापर्यंत गेलीही. मग वळली आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली.

दप्तरवाले डबा खात होते. तिला पाहून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"मिळाला उतारा?"

"मिळाला. मला दुसरं विचारायचंय. ती मुलगी गेली, तिचं काही लिहिलेलं असेल का? मयताची वेगळी वही असते ना?"

"असते."

हात धुऊन ते शिडी घेऊन शेवटच्या मांडणीकडे गेले. ही वही पातळ होती आणि तिच्या एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. त्यांनी पान काढून दिलं आणि भिंगही तिच्या हातात दिलं. वय दोन वर्षं. कारण, घसा. आणि शेवटच्या रकान्यात, खबर देणाऱ्याची सही. तिच्या वडिलांची.

अक्कानं वडिलांना सही करताना कधी पाहिलं नव्हतं. ते अंगठाच करत, तिच्या लग्नाच्या कागदावरही अंगठाच होता. इथं मात्र त्यांनी नाव लिहिलं होतं. मोठं, वेडंवाकडं, शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलेलं. कधीतरी लिहायला शिकले असतील आणि एवढ्या एका जागी लिहून पुन्हा कधी लिहिलं नसेल. काय ते तिला कळायला मार्ग नव्हता. तिनं त्या सहीवर बोट ठेवलं. मग दप्तरवाल्यांना आवडणार नाही म्हणून काढून घेतलं.

"ठेवा हो," ते म्हणाले.

भिंग परत देत तिनं विचारलं, "माझी नोंद करायची असेल तर काय करावं लागतं?"

"आता?"

"आता."

दप्तरवाले पहिल्यांदा खुर्चीवर नीट बसले. उशिरा नोंद करता येते, त्यांनी सांगितलं. जन्माच्या वेळी हजर असलेलं माणूस हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, मोठ्या बहिणीच्या दोन्ही नोंदींचे उतारे, आणि नोंदणी अधिकारी बाईंसमोर जबाब. "पण मग पेन्शनचं सगळं बाहेर येईल. विचार केलात ना?"

"विचारानंच तर चप्पल झिजली," अक्का म्हणाली.

जावयानं ऐकल्यावर तासभर तोंड फिरवलं. मग उठून आत्याला आणायला गाडी कुणाची मिळेल ते बघायला गेला. "तुम्ही दोघी मायलेकी डोकं चालवा, मी आपला स्टिअरिंग चालवतो," एवढंच म्हणाला.

ठरलेल्या दिवशी आत्या आली, इस्त्री केलेलं पातळ नेसून, हातात स्वतःची काठी आणि दुसऱ्या हातात नातसून. कचेरीला लिफ्ट नव्हती. जावयानं आणि शिपायानं तिला खुर्चीत बसवून तीन जिने उचलून नेलं. आत्या प्रत्येक वळणावर "सांभाळून, मी सरकारी पुरावा आहे" म्हणत होती. शिपायाला इतकं हसू आलं की तिसऱ्या वळणावर खुर्ची खाली ठेवावी लागली.

नोंदणी अधिकारी बाई चाळिशीच्या असतील. समोर फायलींचे दोन गठ्ठे आणि पुराच्या कामानं जागलेले डोळे. त्यांनी आत्याला जन्माची हकीगत विचारली. आत्यानं तंबू सांगितला, रस्ता सांगितला, कोणती सुईण होती ते सांगितलं, सुईणीच्या नवऱ्याचा पाय कसा मोडला होता तेही सांगितलं.

"आजी, तेवढं लिहायची गरज नाही."

"मग खरं कसं वाटेल?"

बाईंनी सुईणीच्या नवऱ्याचा पाय लिहून घेतला. मग अक्काकडे वळल्या.

"तुम्हाला हे माहीत असूनही तुम्ही खालून उतारा घेतला होता. हा बघा, त्याची नोंद आहे इथं."

अक्कानं पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "घेतला. वापरला नाही."

"का?"

"तो वापरला असता तर मीच ती झाले असते. मग ती गेलेली कोणाच्या हिशेबात राहिली असती? आईनं एकदा तसं केलं. मी पुन्हा करायचं म्हणजे..." तिला पुढचं सांगता येईना. "आणि मला झोप लागली नसती. ते खरं कारण."

बाईंनी तो उतारा फाइलला लावला. पेन्शनचं काय होणार ते स्पष्ट सांगितलं. ती खऱ्या पासष्टीपर्यंत बंद राहणार, जास्तीची गेली ती नंतर थोडी थोडी वळती होणार. घराच्या नुकसानभरपाईला वयाचा संबंध नाही, ती मिळेल. अक्कानं मान हलवली. हे सगळं तिनं मनात कधीच पचवलं होतं.

"एक राहिलं. नवीन नोंद आहे, तेव्हा नाव विचारावं लागतं. तेच ठेवायचं की दुसरं घ्यायचं? घेता येईल."

लेकीनं आईकडे पाहिलं. आत्यानं काठी घट्ट धरली.

"दुसरं कोणतं?" अक्का म्हणाली. "हाक मारली तर मला वळायला नको का? तेच राहू दे. आम्हा दोघींचं."

कार्ड यायला सात आठवडे लागले. तोवर अक्काच्या खोलीची मागची भिंत बांधून झाली आणि ती आपल्या कट्ट्यावर परत गेली. दातांच्या डॉक्टरनं पूर्ण झालेली खुर्ची नेली आणि उरलेल्या पाच आणून टाकल्या. पेन्शन नाही म्हटल्यावर काम जास्त घ्यावं लागत होतं. संध्याकाळी मान आखडायची, बोटांना चिरा पडायच्या. कधी तिला जावयाचं ऐकायला हवं होतं असं वाटायचं, आणि तसं ती त्याला सांगायचीसुद्धा. तो म्हणायचा, "अजून दोन वर्षं तरुण आहात, विणा."

मदत केंद्रावर ती अधूनमधून जायची, शेजारणींना घेऊन. कोणत्या टेबलाला काय लागतं ते तिला पाठ झालं होतं. चष्मेवाली मुलगी तिला पाहिली की खुर्ची सरकवायची आणि ती बसायची नाही.

आत्या जबाब देऊन लगेच परत जाणार होती. अक्कानं तिला ठेवून घेतलं, आधी लेकीकडे, मग खोली तयार झाल्यावर तिकडे. दिवसा अक्का विणायची आणि आत्या खाटेवरून बोलायची. अक्का एकेक विचारायची. मोठी कशाला भ्यायची? कात्रीला. चालायला कधी लागली? वर्षाची व्हायच्या आत. बोलायची? बोलायची की, सगळ्यांना "ए" म्हणायची, दादालासुद्धा. आठवणी फार नव्हत्या, दोन वर्षांच्या पोरीच्या असून असून किती असणार. त्याच त्या पुन्हा निघायच्या. कधी आत्या तीच गोष्ट निराळी सांगायची आणि अक्का म्हणायची, "काल तू म्हणालीस जावळ कुरळं होतं." आत्या म्हणायची, "कुरळंच होतं. आत्ता सरळ म्हणाले असेन तर चुकलं."

नातसून आत्याला न्यायला आली त्या दिवशी अक्कानं बादलीतल्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या, हात कोरडे केले होते. पिशवी भरून दारात ठेवली होती. मग तीच म्हणाली, "अजून चार दिवस राहू दे हिला. माझं विचारून व्हायचंय."

नातसून आत्याकडे बघू लागली. आत्यानं पाय वर घेतले आणि म्हणाली, "पिशवी आत घे. दारात पायात येते."